माशाच्या पोटातली अळी : तिचे नाव कसे शोधतात?

बाजारातून आणलेला मासा साफ करताना त्याच्या आतड्यावर किंवा यकृतावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळे घालून बसलेली एखादी पांढरट, बारीक अळी तुम्ही कदाचित पाहिली असेल. घरातली माणसे ती आतड्याबरोबर टाकून देतात, मासा स्वच्छ धुतात आणि तो कढईत जातो. मासा नीट शिजला की प्रश्न मिटला. मग त्या अळीचे नाव-गाव शोधण्यात वेळ का घालवायचा?

याचे उत्तर जपानच्या मासळीबाजारात मिळते. तेथे साबा नावाचा एक मासा फार खपतो. आपल्या बांगड्याच्याच कुळातला हा मासा आहे आणि तो पुष्कळदा कच्चा किंवा नुसता शिरक्यात मुरवून खाल्ला जातो. जपानच्या पूर्वेकडील समुद्रातला साबा आणि पश्चिमेकडील समुद्रातला साबा यांच्या पोटांत अळ्या सापडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तर दोन्ही ठिकाणच्या अळ्या हुबेहूब सारख्या दिसतात. पण त्यांच्यातली एक जात माशाच्या पोटातून निघून मांसात शिरण्यात दुसरीपेक्षा सुमारे शंभरपट पटाईत आहे. जो मासा कच्चा खातो त्याच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे सांगायला नको. डोळ्यांना न दिसणारा हा फरक शास्त्रज्ञांनी कसा शोधून काढला, हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

अळीचा प्रवास

ज्या अळीबद्दल आपण बोलत आहोत ती ॲनिसाकिस या गोलकृमीची अळी होय. गोलकृमी म्हणजे दोन्ही टोकांना निमुळते, दोऱ्यासारखे गोल शरीर असलेले कृमी. माणसाच्या आतड्यातला जंत याच मोठ्या गटात मोडतो.

पूर्ण वाढलेला ॲनिसाकिस राहतो देवमासे आणि डॉल्फिन यांच्या जठरात. हे प्राणी मासे नसून सस्तन प्राणी आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. कृमीची मादी तेथे अंडी घालते, ती विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. अंड्याच्या आतच अळी कात टाकते आणि मग बाहेर पडून पाण्यात पोहू लागते. तिला गिळतात कोळंबीसारखे दिसणारे क्रिल नावाचे इवलेसे कवचधारी प्राणी. या क्रिलना खातात मासे आणि माकूल.

माशाच्या पोटात गेल्यावर ही अळी जठराची भिंत भेदून बाहेर येते आणि एखाद्या अवयवावर वेटोळे घालून स्वस्थ बसते. या वेळी ती तिसऱ्या अवस्थेत असते. माशात ती कधीच प्रौढ होत नाही. मासा हे तिचे घर नव्हे, ती केवळ धर्मशाळा. लहान माशाला मोठ्या माशाने खाल्ले की अळी मोठ्या माशात मुक्काम हलवते. म्हणून मोठ्या, वयस्क माशांत अशा अळ्या अधिक साठलेल्या आढळतात. शेवटी एखादा डॉल्फिन त्या माशाला गिळतो, अळी आणखी दोनदा कात टाकते, प्रौढ होते आणि चक्र पुरे होते.

ज्या प्राण्याच्या शरीरात परजीवी राहतो त्याला त्याचा पोषक म्हणतात. या चक्रात क्रिल, मासा आणि डॉल्फिन हे तीन पोषक आहेत. माणसाचे नाव त्यांत कोठेच नाही.

माणूस वाटेत येतो तेव्हा

जिवंत अळी असलेला कच्चा मासा माणसाने खाल्ला, तर अळीच्या दृष्टीने ती चुकीच्या दारी येऊन पोहोचलेली असते. सस्तन प्राण्याचे ऊबदार जठर मिळाले म्हणून ती भिंतीत तोंड खुपसू लागते. काही तासांतच त्या माणसाच्या पोटात जीवघेण्या कळा येतात, मळमळते, उलट्या होतात. डॉक्टर जठरात नळीची दुर्बीण घालून, तिला जोडलेल्या चिमट्याने अळी ओढून काढतात. माणसात ती प्रौढ होऊ शकत नाही, काही दिवसांत मरते. पण तेवढ्यात ती पुरेसा त्रास देते. काही लोकांना तिच्या प्रथिनांची ॲलर्जीही होते.

या रोगाची पहिली नीट नोंद हॉलंडमध्ये झाली. तेथे किंचित मिठात मुरवलेला कोवळा हेरिंग मासा न शिजवता खाण्याची जुनी आवड आहे. फान तील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली दाखवून दिले, की पोटदुखीने आलेल्या रुग्णांच्या आतड्यांत सापडलेला कृमी हेरिंगमधलाच आहे. त्यानंतर १९६८ साली हॉलंडने कायदा केला : असा हेरिंग विकण्यापूर्वी तो किमान २४ तास उणे २० अंश सेल्सिअस तपमानात गोठवलाच पाहिजे. या साध्या उपायाने तेथील रोग जवळजवळ नाहीसा झाला.

अज्ञानाची किंमत केवळ रुग्णच देतात असे नाही. १९८७ साली पश्चिम जर्मनीत दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात माशांमधल्या अळ्या दाखवल्या गेल्या. लोक इतके बिथरले की मासळीची विक्री एकाएकी कोसळली. कोणत्या माशात कोणती अळी, ती कोठे बसते आणि ती कशाने मरते, हे नेमके सांगता आले तर रोगही टळतो आणि विनाकारण घबराटही टळते. कोळ्याची मेहनत वाया जात नाही. त्यासाठी आधी अळीची ओळख पटली पाहिजे.

भिंगाखाली काय दिसते?

नॉर्वेचे कृमिशास्त्रज्ञ ब्यर्न बर्लांड यांनी १९६१ साली ॲनिसाकिसच्या अळ्यांचे दोन प्रकार सांगितले. या अळीच्या डोक्याशी भिंत पोखरण्यासाठी एक सूक्ष्म दात असतो. अन्ननलिका आणि आतडे यांच्यामध्ये ग्रंथींनी भरलेला एक भाग असतो. पहिल्या प्रकारात हा भाग लांबट असतो आणि शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो. दुसऱ्या प्रकारात तो भाग आखूड असतो आणि काटा नसतो. माशांत सापडणाऱ्या इतर काही कृमींच्या अळ्यांत आतड्याला पुढच्या बाजूस एक बंद फाटा फुटलेला असतो. सीलच्या पोटात वाढणाऱ्या कृमीची अळी ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

म्हणजे भिंगाखाली प्रजाती कळते आणि प्रकारही कळतो. पण नेमकी जाती कळत नाही. असे का? मोहरी आणि मुळा यांची नुकती उगवलेली रोपे शेजारी ठेवून पाहा. दोन्हींना सारखीच दोन पाने दिसतील. फरक पुढे दिसू लागतो. फूल, शेंग आली की कोणीही ओळखील. कृमींचेही तसेच आहे. जाती ओळखण्याच्या खुणा मुख्यतः प्रौढ नराच्या शेपटीजवळच्या जननेंद्रियांत असतात. अळीत ती इंद्रिये तयारच झालेली नसतात. आणि प्रौढ कृमी मिळवायचा तर डॉल्फिनचे जठर तपासायला हवे!

त्यातही गंमत अशी, की काही जातींचे प्रौढसुद्धा जवळजवळ सारखेच दिसतात. ॲनिसाकिस सिंप्लेक्स ही जाती १८०९ सालापासून माहीत होती. १९५५ साली भूमध्य समुद्रातल्या कृमीला ॲनिसाकिस पेग्रेफी हे वेगळे नाव देण्यात आले. पण १९७१ साली डेव्ही या शास्त्रज्ञाने सर्व जुने नमुने तपासून निकाल दिला, की पेग्रेफी म्हणजे सिंप्लेक्सच. वेगळ्या नावाची गरज नाही. भिंगाच्या पुराव्यावर पाहिले तर हा निकाल वाजवीच होता. आता दुसरा पुरावा हवा होता.

प्रथिनांची शर्यत

तो पुरावा इटलीत रोम येथील संशोधकांनी १९८०च्या दशकात शोधला. त्यांनी अळीच्या रूपाकडे न पाहता तिच्या विकरांकडे, म्हणजे एन्झाइमांकडे, पाहिले. विकर हे प्रथिन असते. त्याची रचना जनुक ठरवतो. जनुकात थोडा बदल असेल तर विकराच्या रेणूवरील विद्युतभारही बदलू शकतो. अळी चिरडून तिचा रस जेलीच्या पट्टीवर ठेवला आणि पट्टीतून वीजप्रवाह सोडला, तर विकराचे निरनिराळे अवतार निरनिराळ्या वेगाने सरकतात. नंतर रंग दिला की कोण कोठवर पोहोचला ते दिसते.

यातला तर्क नीट समजून घ्या, कारण तो फार सुंदर आहे. प्रत्येक कृमीला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. समजा, एका विकराचे 'क' आणि 'ख' असे दोन अवतार आहेत. एकाच समुद्रात राहणारे सर्व कृमी आपापसांत प्रजनन करीत असतील, तर क-क, ख-ख यांच्याबरोबर क-ख अशी मिश्र जोडी असलेल्या अळ्याही भरपूर सापडायला हव्यात. पण एकाच माशाच्या पोटात क-क आणि ख-ख अळ्या शेजारी शेजारी सापडल्या आणि क-ख मात्र क्वचितच सापडल्या, तर? तर त्याचा अर्थ असा, की हे दोन गट एकत्र राहूनही एकमेकांशी प्रजनन करीत नाहीत. जीवशास्त्रात यालाच वेगळी जाती म्हणतात.

नाशेत्ती आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली अशाच पुराव्यावरून दाखवले, की 'सिंप्लेक्स' या एका नावाखाली निदान दोन जाती दडलेल्या आहेत. १९७१ साली बुडालेले पेग्रेफी हे नाव पुन्हा वर आले. १९९७ साली तिसरी जुळी जाती उघडकीस आली; २०१४ साली तिला बर्लांड यांच्या सन्मानार्थ ॲनिसाकिस बर्लांडी हे नाव मिळाले. दिसायला सारख्या पण प्रजननाच्या दृष्टीने वेगळ्या अशा जातींना सहोदर जाती म्हणतात.

या पद्धतीत एक अडचण होती. विकरे नाजूक असतात. त्यासाठी अळी ताजी किंवा गोठवलेली लागते. अल्कोहोलात बुडवून ठेवलेल्या अळीत काम करणारे विकर उरत नाही. आणि रुग्णाच्या जठरातून काढलेला अर्धवट तुकडा असेल तर काय करायचे?

डी. एन. ए.ची कात्री

येथे डी. एन. ए. मदतीला येतो. हा रेणू विकरांपेक्षा पुष्कळ टिकाऊ आहे. अल्कोहोलात ठेवलेल्या अळीतही तो शाबूत राहतो. फॉर्मॅलिनमध्ये मात्र तो बिघडतो. म्हणून आता असे नमुने फॉर्मॅलिनऐवजी अल्कोहोलात ठेवतात. अळीचा मधला लहानसा तुकडा डी. एन. ए.साठी कापून घेतात, आणि डोके व शेपूट काचपट्टीवर जपून ठेवतात, म्हणजे दोन्ही पुरावे हाती राहतात.

डी. एन. ए. म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबच लांब ओळ : ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. सोयीसाठी आपण त्यांना अ, थ, ग, स म्हणू. कृमीच्या पेशीत अशी कोट्यवधी अक्षरे असतात. त्यांतला कोणता परिच्छेद वाचायचा?

शास्त्रज्ञांनी रायबोसोमच्या जनुकांजवळचा भाग निवडला. रायबोसोम हा पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना होय. त्याच्या जनुकांत चूक झाली तर जीव जगणेच कठीण; म्हणून ही जनुके निरनिराळ्या जातींत जवळजवळ सारखीच राहतात. पण दोन जनुकांच्या मधे जी जागा असते तिच्यातली अक्षरे बदलली तरी फारसे बिघडत नाही. तेथे पिढ्यान्पिढ्या बदल साठत जातात. दोन्ही बाजूंना पक्क्या भिंती आणि मधे मोकळे अंगण, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. भिंती सगळीकडे सारख्या म्हणून जागा बिनचूक सापडते. अंगणातली रांगोळी मात्र घरोघरी वेगळी.

हे अंगण ॲनिसाकिसमध्ये सुमारे एक हजार अक्षरांचे आहे. अळीच्या तुकड्यातून मिळणारा डी. एन. ए. अगदी थोडा असतो, म्हणून आधी या भागाच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. त्याची युक्ती अमेरिकेचे कॅरी मलिस यांनी १९८३ साली शोधली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला पॉलिमरेज शृंखला-प्रक्रिया, थोडक्यात पी. सी. आर., म्हणतात. मिश्रण सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवले की डी. एन. ए.चे दोन धागे सुटे होतात. तपमान ५५ अंशांच्या आसपास आणले की डी. एन. ए.चे दोन आखूड तुकडे, ज्यांना प्रारंभक म्हणतात, दोन्हीकडच्या 'भिंतींना' जाऊन चिकटतात. मग ७२ अंशांना एक विकर मधला भाग भरून काढते. हे विकर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, कारण ते गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या जीवाणूचे आहे. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांनंतर एका रेणूपासून किती होतील? दोनचा तिसावा घात काढा : १०७ कोटींहून अधिक!

आता कात्री. काही जीवाणूंमध्ये अशी विकरे असतात, की ती डी. एन. ए.वर ठराविक शब्द शोधतात आणि नेमके तेथेच कापतात. अशा विकरांवरील कामासाठी आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कामाची कात्री हिन्फ-१ या नावाची आहे. ती 'ग-अ-कोणतेही अक्षर-थ-स' हा पाच अक्षरांचा शब्द शोधते आणि ग नंतर कापते. शब्दातले एक अक्षर जरी बदलले तरी ती तेथे कापत नाही.

कापलेले तुकडे जेलीच्या पट्टीत घालून वीजप्रवाह सोडतात. गोड पदार्थांत घालतात तो चायना ग्रास तुम्ही पाहिला असेल. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या त्याच पदार्थाच्या शुद्ध केलेल्या अंशाची ही जेली असते. डी. एन. ए.वर ऋण भार असल्यामुळे तुकडे धन टोकाकडे धावतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. हिन्फ-१ वापरल्यावर असे पट्टे दिसतात :

ॲनिसाकिस सिंप्लेक्स : सुमारे ६२० आणि २५० अक्षरांचे दोन पट्टे.
ॲनिसाकिस पेग्रेफी : सुमारे ३७०, ३०० आणि २५० अक्षरांचे तीन पट्टे.

सिंप्लेक्समधला मोठा तुकडा पेग्रेफीमध्ये दोन ठिकाणी विभागला गेला, कारण तेथे कात्रीला हवा तो शब्द पुरा आहे. सिंप्लेक्समध्ये त्या जागी 'स'ऐवजी 'थ' आहे. तुम्ही बेरीज करून पाहाल तर ३७० आणि ३०० मिळून ६२० होत नाहीत. जेलवरून काढलेली मापे अंदाजी असतात आणि फार लहान तुकडे दिसतही नाहीत, हे त्याचे कारण. एका अक्षराच्या फरकाने दोन जातींची ताटातूट झाली!

साब्याचा निकाल

आता जपानला परत जाऊ. टोकियोतल्या संशोधकांनी साब्यात सापडलेल्या अळ्यांची या रीतीने ओळख पटवली आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पॅसिफिक बाजूच्या साब्यात मुख्यतः सिंप्लेक्स होती. पूर्व चिनी समुद्र आणि जपानी समुद्र यांच्या बाजूच्या साब्यात मुख्यतः पेग्रेफी. मग त्यांनी पाहिले, की कोणत्या जातीच्या अळ्या मांसात शिरल्या आहेत. सिंप्लेक्सच्या ११.१ टक्के अळ्या मांसात होत्या. पेग्रेफीच्या केवळ ०.१ टक्का. शंभरात अकरा कोठे आणि हजारात एक कोठे!

त्याआधी २००७ साली जपानमधल्या रुग्णांच्या शरीरांतून काढलेल्या १०० अळ्या तपासल्या गेल्या होत्या. त्यांतल्या ९९ सिंप्लेक्स निघाल्या आणि एक पेग्रेफी. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की अर्थ लागतो. पेग्रेफी आतड्यांतच बसून राहते आणि मासा साफ करताना निघून जाते. सिंप्लेक्स मांसात शिरते आणि ताटात पोहोचते. नैर्ऋत्य जपानमधल्या फुकुओका भागात ताजा साबा तीळ घालून कच्चा खाण्याची रीत आहे. तेथला मासा पश्चिम बाजूच्या समुद्रातला असतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याचा अर्थ पेग्रेफी निरुपद्रवी, असा मात्र घेऊ नका. भूमध्य समुद्रात हीच जाती मुख्य आहे. इटलीत लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात मुरवलेली कच्ची अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी, खाऊन आजारी पडलेल्यांत पेग्रेफीच सापडली आहे. शिरक्याने ही अळी मरत नाही. जी जठराच्या आम्लात राहायला जन्मली, तिला शिरक्याची काय मातब्बरी?

ओळख पटल्याचा आणखी एक फायदा झाला. अळ्या माशाबरोबर फिरतात. म्हणून कोणत्या माशात कोणती अळी आहे यावरून तो मासा कोणत्या समुद्रात चरला, दोन ठिकाणचे थवे एकमेकांत मिसळतात की नाही, याचा अंदाज करता येतो. मासेमारीवर किती मर्यादा घालावी हे ठरवताना ही माहिती उपयोगी पडते. अळी जणू माशाचा शिक्का मारलेला प्रवासदाखला बनते.

एकाच पुराव्यावर विसंबू नये

कधी कधी एकाच अळीत चारही पट्टे दिसतात : ६२०, ३७०, ३०० आणि २५०. म्हणजे तिला एका जातीचा आणि दुसऱ्या जातीचाही वारसा मिळाला आहे. जेथे दोन्ही जाती एकत्र राहतात, उदाहरणार्थ स्पेन-पोर्तुगालचा किनारा किंवा जपानचा समुद्र, तेथे अशा अळ्या आढळतात. त्या खरोखरीच संकरित आहेत, की दोन जाती फुटण्यापूर्वीच्या पूर्वजाची अक्षरे त्यांच्यात शिल्लक राहिली आहेत? एका कात्रीने याचा निवाडा होत नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातली आणखी काही जनुके तपासावी लागतात.

पेशीतल्या तंतुकणिकांना स्वतःचा वेगळा डी. एन. ए. असतो. त्यातल्या एका जनुकाची सुमारे सहाशे अक्षरे वाचून जाती ओळखण्याची पद्धतही आता रूढ आहे. पण हा डी. एन. ए. फक्त आईकडून येतो. तेव्हा संकरित अळीला तो केवळ आईचेच नाव देईल, बापाचा पत्ता लागू देणार नाही. म्हणून शहाणा संशोधक भिंगाखालची खूण, पेशीकेंद्रातले जनुक आणि तंतुकणिकेतले जनुक हे तिन्ही साक्षीदार तपासतो.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्या सिंधुदुर्ग-गोव्याच्या किनाऱ्याजवळही डॉल्फिन दिसतात आणि बांगडा, सुरमई, बला या आपल्या नेहमीच्या मासळीतही कृमींच्या अळ्या असू शकतात. त्या सगळ्या ॲनिसाकिसच्याच असतील असे नाही. काही कृमी तर माशांतच प्रौढ होतात. ॲनिसाकिसच्याही निरनिराळ्या जाती आहेत. उष्ण समुद्रांत ॲनिसाकिस टिपिका ही जाती मुख्य आहे. पण आपले कालवण रटरटत शिजते आणि तळलेली तुकडी आतपर्यंत तापते. माशाच्या मधल्या भागाचे तपमान ६० अंशांच्या वर जाऊन निदान एक मिनिट टिकले की अळी मरते. आपल्याकडे हा रोग फारसा ऐकू येत नाही, त्याचे मोठे श्रेय स्वयंपाकघराला दिले पाहिजे.

तरी तीन गोष्टी लक्षात ठेवा. मासा आणल्यावर त्याचे पोट लवकर साफ करावे, म्हणजे अळीला मांसात शिरण्यास अवसर मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत आता कच्च्या माशाचे जपानी पदार्थही मिळतात. असा मासा आधी उणे २० अंशांना, आतल्या भागापर्यंत, किमान २४ तास गोठवलेला असायला हवा. घरातल्या शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा इतका थंड होत नाही. आणि ज्याला या कृमीची ॲलर्जी आहे त्याला शिजून मेलेली अळीसुद्धा कधी कधी बाधते, कारण तिची काही प्रथिने उष्णतेने मोडत नाहीत.

कागदावर करून पाहा

या प्रयोगाला प्रयोगशाळा नको. खालच्या दोन ओळी वहीत उतरवून घ्या. त्या केवळ सरावासाठी रचलेल्या आहेत, डी. एन. ए.च्या दोन धाग्यांपैकी एकच लिहिला आहे.

पहिली अळी : स थ अ ग ग अ स थ स अ थ ग स स अ ग अ अ थ स ग थ अ स
दुसरी अळी : स थ अ ग ग अ स थ स अ थ ग स स अ ग अ अ थ थ ग थ अ स

१. हिन्फ-१ चा शब्द (ग-अ-कोणतेही-थ-स) प्रत्येक ओळीत किती वेळा येतो ते शोधा. तेथे ग नंतर रेघ मारा.
२. प्रत्येक तुकड्यात किती अक्षरे आहेत ती मोजा आणि मोठ्यापासून लहानापर्यंत पट्टे काढा.
३. एखाद्या अळीला एक ओळ आईकडून आणि दुसरी बापाकडून मिळाली, तर तिचे पट्टे कोणते दिसतील?
४. दोन ओळींत वेगळे असलेले अक्षर विसाव्या जागी आहे. तो फरक विसाव्याऐवजी तिसऱ्या जागी असता, तर या कात्रीने तो ओळखता आला असता का?

उत्तरे : पहिल्या ओळीत शब्द दोनदा येतो, तुकडे ११, ८ आणि ५ अक्षरांचे. दुसऱ्या ओळीत तो एकदाच येतो. तुकडे १९ आणि ५ अक्षरांचे. मिश्र अळीत १९, ११, ८ आणि ५ असे चार पट्टे दिसतील. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. तिसरे अक्षर कात्रीच्या शब्दात येत नाही, म्हणून तुकडे तेवढेच राहतील. असा फरक शोधायचा तर दुसरी कात्री घ्यावी लागेल, नाहीतर सगळी ओळच अक्षर-अक्षर वाचावी लागेल. दोन नमुन्यांचे पट्टे सारखे आले म्हणजे ते दोन जीव एकच, असे ठामपणे का म्हणता येत नाही, हे यावरून तुम्हीच वर्गात समजावून सांगा.